कंदिलाच्या सांगाड्यासाठी घरचा स्पॉट वेल्डर: मुंबईत सामान कुठून आणि कसं घ्यायचं

आमच्या हिच्या माहेरी, माहीमला, गणपती गेले की घरभर तारा पसरतात. दिवाळीच्या आकाशकंदिलांचं काम. सासरे होते तोवर बांबूच्या कामट्या होत्या, आता मेहुणा तारेचे सांगाडे करतो. षटकोनी कंदिलाच्या एका सांगाड्याला २४ जोड लागतात. ते बाइंडिंग वायरने बांधायचे तर दोन दिवसांत बोटांची सालं निघतात आणि एवढं करून सांगाडा डुगडुगतो तो डुगडुगतोच. म्हणून तो बाहेरून स्पॉट मारून आणायचा, सांगाड्यामागे १८ रुपये देऊन. तीन वर्षांपूर्वी ऐन वसुबारसेला त्या गाळेवाल्याने फोन उचलणं बंद केलं. १४० सांगाडे कुलपाआड. रात्री मेहुणा मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही तीस वर्षं छापखान्यातल्या मशीनी सांभाळल्यात. हे एवढंसं यंत्र घरी नाही का व्हायचं?"

झालं. त्यानंतरच्या दोन्ही दिवाळ्या त्याच यंत्राने काढल्या. खर्च आला ५,९६० रुपये. मेहुण्याने लगेच हिशोब मांडला: ३३२ व्या सांगाड्याला पैसे वसूल. त्या ५,९६० पैकी जवळजवळ निम्मे ज्या वस्तूंवर गेले त्या जोड मारायला लागतच नाहीत. त्या माणूस जिवंत राहायला लागतात. सामान घ्यायला निघताना हीच वाटणी डोक्यात ठेवा. लोखंड, तांबं, स्टँड जुनं चालतं, घासाघीस करून घ्या. स्विच, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग हे नवं, बिलासकट.

यंत्र काय करतं ते दोन वाक्यांत सांगतो. एकमेकींवर ठेवलेल्या दोन तारा तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबायच्या आणि अर्धा सेकंद प्रचंड करंट सोडायचा, व्होल्टेज मात्र दोनेक व्होल्ट. तारा जिथे टेकतात तिथे विरोध सगळ्यात जास्त, म्हणून उष्णता तिथेच साठते. आणि करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, म्हणून सगळी धडपड करंट वाढवायची. एवढा करंट देणारा स्वस्त ट्रान्सफॉर्मर शहरात एकाच जागी पडून असतो: बंद पडलेल्या मायक्रोवेव्हमध्ये. त्याचं २३० व्होल्टचं प्रायमरी वाइंडिंग (लाइन लागते ते तारेचं गुंडाळं) ठेवायचं, २,००० व्होल्टचं सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारं) काढून टाकायचं आणि तिथे जाड केबलचे दोन वेढे घालायचे.

हे २,००० व्होल्ट नीट ऐका. मूळ सेकंडरी जागेवर असताना हा ट्रान्सफॉर्मर लाइनला लावायचा नाही. "जरा चालतोय का बघू" म्हणूनही नाही. त्याने बसलेला झटका सांगायला माणूस उरत नाही. दुकानात फक्त मल्टिमीटरने, बिनलाइनीचा तपासायचा. मल्टिमीटर कसा लावायचा हे माहीत नसेल तर आधी ते शिका, हे काम पुढच्या दिवाळीला.

ट्रान्सफॉर्मर कुठून

सगळे आधी चोरबाजार म्हणतात. मीही गेलो. शुक्रवारी मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पथारीवाले बसतात, त्यांच्यात फिरलो. चार तासांत मला एक पितळी नळ, एक छान व्हर्नियर आणि ऊन मिळालं. ट्रान्सफॉर्मर एकच दिसला, त्याचे टॅब, म्हणजे वायर लावायच्या पट्ट्या, तुटलेले. चोरबाजार हा मिळेल ते घेणाऱ्यांसाठी आहे, यादी घेऊन जाणाऱ्यांसाठी नाही.

कुर्ल्याच्या आणि साकीनाक्याच्या भंगारात माल भरपूर, पण तिथला भाव तांब्याच्या वजनावर चालतो. माझ्या बाबतीत झालं असं. एका गाळ्यात तेलकट ढिगात सहा ट्रान्सफॉर्मर होते. चाचा म्हणाले, "अंदर पूरा तांबा है, नौ सौ से कम नहीं." वाइंडिंग तांबूस चमकत होतं खरं. मी खिशातून ब्लेड काढलं आणि जाड तारेवरून नखाएवढा ओरखडा काढला. वरचं वार्निश गेलं, आतून पांढरं निघालं. ॲल्युमिनियम. चाचा हसले, म्हणाले, "आप तो लाइन के आदमी निकले," आणि भाव साडेचारशेवर आला. तर ब्लेड जवळ ठेवा. ॲल्युमिनियमची प्रायमरी चालतच नाही असं नाही, थोडी जास्त तापते एवढंच, पण तांब्याचा भाव का द्यायचा?

शेवटी मी घेतला तो कुर्ल्याचा नाहीच. तो मिळाला आमच्याच विभागात घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे. माझं ऐकाल तर सरळ इथूनच सुरुवात करा. मायक्रोवेव्ह भंगारात जातो तो बहुतेकदा मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) गेला, कीपॅड गेलं किंवा आपल्या दमट हवेत आतला पत्रा गंजून भोक पडलं म्हणून. ट्रान्सफॉर्मर क्वचितच जळतो. मेकॅनिकच्या पोटमाळ्यावर असे चार-पाच तरी सांगाडे असतातच आणि त्याला जागा हवी असते. शिवाय तो स्वतः खोलून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, नुसता ट्रान्सफॉर्मर हातात देतो. मला ५५० रुपयांना दिला, तांब्याचा, ४ किलो २०० ग्रॅम.

वजनाचं महत्त्व आहे. १७-२० लिटरच्या साध्या ओव्हनमधला तीन-साडेतीन किलोचा असतो, मोठ्या कन्व्हेक्शनवाल्यातला पाचच्या आसपास. दोन अडीच मिलिमीटरच्या तारेला लहानही पुरतो. पत्रे जोडायचे असतील तर मोठाच बघा. जाताना माशाच्या बाजारात वापरतात तसा हुकाचा स्प्रिंग काटा न्या, अंदाज फसत नाही.

अख्खा ओव्हन मिळत असेल तर आधी तो एका बाजूने उचलून बघा. ट्रान्सफॉर्मरची बाजू, म्हणजे बटणांची बाजू, चांगली जड लागायला हवी. माझ्या पुतणीने तिच्या सोसायटीतून मोठ्या हौसेने एक ओव्हन रिक्षात घालून आणला. हलका फुलासारखा. तो निघाला इन्व्हर्टरवाला. त्याच्यात हा लोखंडी ट्रान्सफॉर्मर नसतोच, सर्किट आणि मुठीएवढा फेराइटचा तुकडा असतो. तो आपल्या काही कामाचा नाही. तसंच कुणी अमेरिकेहून आणलेला ओव्हन देत असेल तर तो १२० व्होल्टचा, नम्रपणे नको म्हणा.

अख्खा ओव्हन घरी खोलायचा असेल तर आतला चपट्या डब्यासारखा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो. बहुतेकांत आतल्या आत चार्ज जिरवणारा रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला असला तर बाहेरून कळत नाही. तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना मुठीचं इन्सुलेशन चांगलं असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने एकदम टेकून, एक हात खिशात ठेवून, तो रिकामा करायचा, आणि ज्याने हे आधी केलंय असा माणूस शेजारी हवा. मॅग्नेट्रॉन फोडू नका. काहींच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. मी म्हणून तर म्हणतो, खोललेला घ्या.

जुन्या स्टॅबिलायझरचे, यूपीएसचे ट्रान्सफॉर्मरही लोक सुचवतात. त्यांची खिडकी, म्हणजे लोखंडी गाभ्यातली मोकळी जागा, वाइंडिंगने गच्च भरलेली असते आणि गाभ्याच्या पत्त्या एकेक काढून पुन्हा भरत बसावं लागतं. नको ती कटकट.

दुकानातच करायची तपासणी

जाड तारेचं, दोन चपटे टॅब असलेलं ते प्रायमरी. त्याच्या दोन टॅबमध्ये मीटरने दीड ते तीन ओहम दाखवायला हवेत. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून वायरींचा स्वतःचा विरोध आधी बघा, तो वजा करा, नाहीतर लहान आकड्यांत फसगत होते. मग एक पिन टॅबवर, दुसरी लोखंडावर, रंग खरवडून: काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर तो ट्रान्सफॉर्मर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. बारीक तारेचं सेकंडरी शंभर-दीडशे ओहमच्या आसपास असतं आणि त्याचं एक टोक कोअरलाच, म्हणजे लोखंडी गाभ्यालाच, जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे कंटिन्युइटी आली तर दचकू नका. सेकंडरी जळलेलं असलं तरी आपल्याला काय, ते जायचंच आहे. उलट त्याच कारणाने भाव पाडून मागा.

शेवटी नाक. प्रायमरीला जळक्या वार्निशचा वास येत असेल, ते एका जागी काळं पडलेलं असेल, तर मीटर काहीही म्हणो.

सेकंडरी काढणं

कोअरच्या पत्त्या बाजूने वेल्ड केलेल्या असतात. ते वेल्ड कापू नका. पुन्हा तितकं घट्ट बसत नाही आणि ट्रान्सफॉर्मर मरेपर्यंत गुणगुणत राहतो. कोअर व्हाइसमध्ये धरा, हॅक्सॉने सेकंडरी एका बाजूने कोअरलगत कापा, उरलेलं लाकडी ठोकळ्याने दुसऱ्या बाजूने ठोकून बाहेर काढा. प्रायमरी आणि हॅक्सॉच्या मध्ये हायलम शीटचा (कडक इन्सुलेशन पत्र्याचा) तुकडा घाला. प्रायमरीच्या एनॅमलला एक दात जरी लागला तरी सगळी कमाई गेली. दोन्ही वाइंडिंगच्या मध्ये लोखंडी पत्त्यांचे दोन छोटे गठ्ठे असतात, ते करंटला लगाम घालतात. तेही ठोकून काढा. निघालेली बारीक तार फेकू नका, माझी साडेतीनशे ग्रॅम भरली आणि भंगारवाल्याने तिचे दोनशे रुपये दिले.

आता, सेकंडरी निघाल्यावरच, पहिल्यांदा लाइन. तीही सिरीज बोर्डवर, १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब मध्ये ठेवून. बल्ब मंद राहिला तर प्रायमरी ठीक. लख्ख पेटला तर आत शॉर्ट. हे पार पडलं की कुठल्याही इन्सुलेटेड वायरचे दहा वेढे रिकाम्या खिडकीतून मारून क्षणभर सरळ लाइनवर व्होल्टेज मोजा. माझ्याकडे ९.६ आले, म्हणजे वेढ्याला जवळजवळ एक व्होल्ट. दोन वेढे म्हणजे दोन व्होल्टला थोडं कमी. हा ट्रान्सफॉर्मर नुसता लाइनवर ठेवला तरी दोन-तीन अँपियर पितो आणि काही मिनिटांत तापतो. तो कधीच चालू ठेवून द्यायचा नाही.

केबल आणि लग: लोहार चाळ

मसजिद स्टेशनला उतरून चालत लोहार चाळ. रविवारी जाऊ नका, शटरं बघून परत याल. आधी रिकाम्या खिडकीचं माप पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि तो पुठ्ठा खिशात ठेवा. दुकानदार केबलचा तुकडा दाखवतो तेव्हा ती "बसेल हो" वर घ्यायची नसते, पुठ्ठ्यावर ठेवून बघायची असते. माझ्या खिडकीत ३५ स्क्वेअर एमएमच्या वेल्डिंग केबलचे दोन वेढे मावले, ५० चे मावत नव्हते. दीड मीटर घेतली, ४२० रुपये मीटरने.

इथेही ब्लेड बाहेर काढा. टोकाचे केस, म्हणजे आतल्या बारीक तारा, कापून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कापल्या जागी पांढरी दिसते. अस्सल ३५ च्या एका मीटरमध्ये नुसतं तांबंच ३०० ग्रॅमच्या वर असतं, रबर वेगळं. दुकानात वजनकाटा असतोच.

केबल जितकी आखूड तितकी बरी. लोक इथे सैल सोडतात. ३५ च्या एका मीटरचा विरोध साधारण अर्धा मिलिओहम. हसू येईल एवढा लहान. पण त्यातून ५०० अँपियर गेले की पाव व्होल्ट तिथेच खर्च, आणि आपल्याकडे आहेत मुळात दोन. म्हणून दोन वेढे आणि तिथून थेट टोकं, मध्ये वळसे नाहीत, "असू दे हाताशी" म्हणून वाढीव फूटभर नाही.

लगचं, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवायच्या तांब्याच्या टोपीचं, एक सांगतो म्हणजे तुमची एक चक्कर वाचेल. तांब्याचे ३५ चे लग घेतले, ४५ रुपयाला एक, आणि दुकानदाराकडे हायड्रॉलिक क्रिम्पर (लग दाबून बसवायचं हत्यार) होता म्हणून खूश होऊन केबलच्या दोन्ही टोकांना तिथेच मारून घेतले. घरी आलो. केबल ओवायला घेतली, तर लगचं पान खिडकीतून जाईना. एकतीस वर्षं नोकरी केलेला फिटर! ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "सुई आधी ओवतात, गाठ मग मारतात." एक लग कापून टाकला. दुसऱ्या दिवशी वेढे घालून झाल्यावर सव्वाचार किलोचं ते धूड पिशवीत घालून पुन्हा लोहार चाळ. मसजिदच्या पुलावर पिशवीचा बंद तुटला तो वेगळाच. तर आधी वेढे, मग लांबी कापणं, मग दुसरा लग. रबरी केबल खिडकीतून सरकत नाही, तिला टाल्कम पावडर लावा. कोअरच्या कडा धारदार असतात, तिथे रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेला लेदरॉइड पेपर (जाड इन्सुलेशनचा कागद) दोन पदरी घाला. चार हातोड्या मारून चपटा केलेला लग हा लग नव्हे. तो ढिला राहतो आणि जोडाऐवजी तोच तापतो.

टोकं आणि स्टँड

टोकांसाठी तांब्याचा १० मिलिमीटरचा गोल बार, फूटभर. मी पायधुणीला तांबाकाट्यावर घेतला, २५० रुपये झाले. पितळेचा स्वस्त मिळतो, दिसायला सारखाच, पण पितळ करंट तांब्याच्या तिप्पट कष्टाने नेतं, स्वतः तापतं आणि तारेला चिकटतं. क्रोमियम कॉपर मिळालं तर फारच छान, ते कडक असतं. साधं तांबं मऊ, टोक दाबून दाबून छत्रीसारखं पसरतं. मेहुणा दर पन्नास-साठ जोडांनंतर कानस फिरवतो. आडव्या तारांच्या जोडाला टोक सपाट ठेवा. बॅटरीच्या पट्ट्यांसाठी जे टोकदार करतात ते इथे तारेत घुसून तिला अर्धी कापतं.

स्टँडवर मी फार विचार केला आणि उत्तर घरातच सापडलं. सासूबाईंच्या शिलाई मशीनचं बिडाचं स्टँड, पायडलसकट. मशीन केव्हाच गेलं होतं, स्टँडवर कुंड्या होत्या. तुमच्याकडे नसेल तर भंगारात सात-आठशेला मिळतं (मी मेहुण्याला सातशे द्यायला लावले, माहेरची वस्तू फुकट नेऊ नये). पायडल दाबलं की सायकलच्या ब्रेक वायरने वरचा हात खाली येतो आणि तारा दाबल्या जातात. दोन्ही हात सांगाडा धरायला मोकळे. ब्रेक वायर आणि हाताच्या मध्ये एक कडक स्प्रिंग आहे. आधी टोकं टेकतात, मग स्प्रिंग दबते, आणि ती पुरती दबल्यावरच पायडलखालचा लिमिट स्विच (दाबला गेला की लागणारा छोटा स्विच) लागतो. क्रम असाच पाहिजे: आधी दाब, मग करंट, आधी करंट बंद, मग पाय वर. उलटं झालं की ठिणग्या आणि जळकं भोक.

जिथे मी काटकसर केली

ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी चालू-बंद करायला कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा दणकट स्विच, लागतो. दोनटाकीला जुन्या मोटरींच्या, स्टार्टरच्या दुकानांत तो ढिगाने मिळतो. मी २५ अँपियरचा २०० रुपयांना उचलला, कॉइल २३० व्होल्टचीच आहे ना बघितलं (४१५ चीही असते, बघा), घरी लावला, उत्तम चालला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मेहुणा जोड मारत होता, मी सांगाडे मोजत होतो. त्याने पाय उचलला. ट्रान्सफॉर्मरचा आवाज थांबला नाही. ते "हूंऽऽ" चालूच. टोक वर येताना निळी ठिणगी ओढत आलं, तार लालभडक होऊन मेणबत्तीसारखी वाकली. प्लग होता कपाटामागे. मी कपाट कसं सरकवलं ते मला आठवत नाही.

कॉन्टॅक्टर खोलला तर आतले चांदीचे ठिपके आधीच खड्डे पडलेले, आणि दोन एकमेकांना चिकटून बसलेले. आमच्याच यंत्राने आमच्याच स्विचला स्पॉट मारला होता. दुसऱ्या दिवशी नवा आणला, अकराशे रुपये, एका शब्दाची घासाघीस न करता.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गाला, चाळीस अँपियर छापलेले सॉलिड स्टेट रिले (हलते भाग नसलेले इलेक्ट्रॉनिक स्विच) कॉन्टॅक्टरच्या निम्म्याहूनही कमी भावात दिसतील. मोह होतो. पण त्या भावातल्या मालात आत छापल्याएवढा ट्रायॅक (करंट चालू-बंद करणारा भाग) असेलच याची खात्री नाही, आणि ट्रायॅक बिघडतो तेव्हा सहसा चालूच राहून बिघडतो. म्हणजे पुन्हा तेच "हूंऽऽ". बॅटरीच्या पट्ट्यांना वीस-चाळीस मिलिसेकंदांचा नेमका झटका लागतो, तिथे तो घ्यावाच लागतो, पण चांगल्या कंपनीचा, हीटसिंकवर बसवून. तारेच्या कामाला अर्धा सेकंद पुरतो आणि कॉन्टॅक्टर तेवढा नेमका असतो. लॅमिंग्टन रोडवरून घ्यायचं ते टाइमर मॉड्यूल, अडीचशेचं. त्याच्यावरचा इवलासा रिले ट्रान्सफॉर्मरला जोडायचा नाही, त्याने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची.

बाकी हे सगळं नवंच: १६ अँपियरचा सी टाइप एमसीबी (बी टाइप सुरुवातीच्या झटक्याला उगाच पडतो), ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा), तीन कोअरची चांगली केबल आणि १६ अँपियरचा प्लग टॉप. एमसीबी यंत्रावरच, बसल्या जागी हात पोचेल असा. यंत्र लावायचं ते एसीच्या १६ अँपियरच्या पॉइंटवर, मोबाइल चार्जरच्या बोर्डावर नाही. कोअरला आणि स्टँडला अर्थ. जुन्या चाळींत बोर्डाचं तिसरं भोक असतं, त्यामागे वायर नसते. माहीमच्या घरी नव्हतीच. वायरमन बोलावून ओढून घेतली, तो खर्च मी ५,९६० मध्ये धरलेला नाही.

हातातली अंगठी, घड्याळ काढून बसा, डोळ्यांवर चष्मा. जवळून एवढा करंट वाहतो तेव्हा चुंबकक्षेत्रही जोरदार असतं. शेजारचे काका रोज गप्पा मारायला येतात, त्यांना पेसमेकर आहे. त्यांना आम्ही दाराबाहेर खुर्ची देतो.

पहिला जोड

तार साध्या लोखंडाची घ्या, १४ गेजची म्हणजे साधारण २ मिलिमीटर. मोठ्या कंदिलाला १२ गेज, २.६ मिलिमीटर. चकचकीत जीआय तार गंजत नाही म्हणून मोह होतो, पण तिच्यावरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो छातीला वाईट, आणि तांब्याच्या टोकावर जस्त बसून टोक खराब होतं. साध्या तारेवरचं तेल चिंधीने पुसा, गंज असेल तर सँडपेपर.

टाइमर ०.२ सेकंदावर ठेवून सुरू करा. जोड मारा, गार होऊ द्या, मग एक तार व्हाइसमध्ये धरून दुसरी पक्कडीने पिरगळा. टकन सुटला तर वेळ ०.०५ ने वाढवा. पिरगळताना तार वाकली, जोड तसाच राहिला, तर झालं. दोन्ही तारा एकमेकींत निम्म्याहून जास्त बुडाल्या, बाजूने लोखंडाचे थेंब उडाले, तर वेळ जास्त झाला किंवा दाब कमी पडला. आधी दाब वाढवून बघा. आमच्या यंत्रावर १४ गेजला ०.३ आणि १२ गेजला ०.४५ बसलं. तुमचं थोडं इकडे-तिकडे होईल. सापडलेले आकडे मार्करने स्टँडवरच लिहून ठेवा, वर्षभराने दसऱ्याला यंत्र बाहेर काढाल तेव्हा आठवत नाहीत.

सलग तीस-चाळीस जोड झाले की केबलला हात लावून बघा, एमसीबी पाडून. कोमट असेल तर चालू द्या. हात ठेववत नसेल तर चहा टाका. मेहुणा गेल्या वर्षी तासाला सहा सांगाडे काढत होता, आणि त्या वेगाला केबल कोमटच राहते.